कम्प्लायन्सचे नेहमीचे प्रश्न: गुंतवणूक सल्लागार फर्ममध्ये काम करणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या एका छोट्या सल्लागार फर्ममध्ये कम्प्लायन्सचं, म्हणजे नियम पाळले जातात की नाही हे बघण्याचं, काम मी करते. खालचे प्रश्न मी रचलेले नाहीत. सहकाऱ्यांनी ते डेस्कवर येऊन, जेवणाच्या सुट्टीत, कधी रात्री साडेदहाला मेसेज करून विचारले आहेत, आणि दर नव्या भरतीबरोबर तेच पुन्हा येतात. 'नियम' म्हटलं की सेबीची (शेअर बाजाराच्या सरकारी नियामक संस्थेची) २०१३ ची गुंतवणूक सल्लागार नियमावली आणि तिच्याखालची परिपत्रकं समजा. जिथे 'आमच्या फर्मचा नियम' असं लिहिलंय तिथे कायद्याचं बंधन नाही, आम्ही स्वतःवर घालून घेतलेलं आहे. तुमच्याकडे ते वेगळं असू शकतं.

प्रश्न १. सेबीकडे नोंदणी फर्मची आहे, माझी नाही. मग हे सगळं मला कशाला लागू?

फर्म बोलते ती तुमच्या तोंडून, म्हणून. क्लायंटला सल्ला फर्मच्या नावाने जातो, फोन मात्र तुम्ही करता. तुम्ही जे बोललात, त्याची जबाबदारी फर्मवर येते. नियमावली जानेवारी २०१३ मध्ये आली आणि २१ एप्रिल २०१३ पासून लागू झाली. त्यानंतर २०२० मध्ये आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिच्यात मोठे बदल झाले. त्यामुळे आधीच्या नोकरीत शिकलेली गोष्ट आजही तशीच असेल, असं धरून चालू नका. रोजची देखरेख सेबी थेट करत नाही. जुलै २०२४ पासून ते काम बीएसईकडे, म्हणजे मुंबई शेअर बाजाराकडे आहे, आणि ऑडिट, जाहिरात, माहिती सादर करणं यांचा पत्रव्यवहार तिथेच होतो.

आपला नोंदणी क्रमांक 'आयएनए'ने सुरू होतो. तो पाठ करा. क्लायंट विचारतो तेव्हा 'थांबा हं, बघून सांगते' म्हणणं बरं दिसत नाही.

प्रश्न २. मी सल्ला देत नाही, फक्त क्लायंटचे फोन घेते आणि मीटिंग ठरवते. मलाही एनआयएसएमची (सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची) परीक्षा द्यावी लागेल?

बहुतेक वेळा हो. नियमावलीत 'सल्ल्याशी संबंधित व्यक्ती' अशी व्याख्या आहे. क्लायंटच्या समोर येणारे सगळे, म्हणजे विक्री करणारे, रिलेशनशिप मॅनेजर, सर्व्हिस बघणारे, हे तिच्यात धरले जातात. सुटतात ते ज्यांचं काम निव्वळ कारकुनी आहे आणि ज्यांचा क्लायंटशी संबंध येत नाही. अकाउंट्समध्ये व्हाउचर लावणारा सुटेल. 'सर मीटिंगमध्ये आहेत, पण तुमच्या फंडाचं काय झालं ते मी सांगते' असं म्हणणारी रिसेप्शनिस्ट सुटणार नाही.

परीक्षा दोन आहेत, सिरीज दहा-ए आणि दहा-बी. दोन्ही हव्यात.

प्रश्न ३. माझं प्रमाणपत्र गेल्या आठवड्यात संपलं. नूतनीकरणाची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तोवर काम चालू ठेवू का?

नाही. प्रमाणपत्र 'कायम वैध' असलं पाहिजे, असा नियम आहे. मधली फट माफ नाही. तोवर सल्ल्याच्या कॉलवर बसायचं नाही, क्लायंटला मेल करायचा नाही, मागच्या खोलीतलं काम करायचं. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं आणि नूतनीकरणासाठी दहा-सी ही वेगळी परीक्षा आहे. मात्र ती जुनं प्रमाणपत्र संपण्याआधी द्यायची असते. मुदत उलटून गेली की गोष्ट पुन्हा ए-बीवर जाते. मी सगळ्यांच्या तारखा एका तक्त्यात ठेवते आणि सहा महिने आधी आठवण करते. तरी दर वर्षी एकजण 'अहो, लक्षातच नाही राहिलं' म्हणत येतोच.

प्रश्न ४. गणपतीत मांडवात शेजारच्या काकांनी विचारलं, 'आता कुठला शेअर घेऊ?' मी सांगू शकतो का?

बाजाराचा कल, व्याजदर, 'सध्या मिडकॅप महाग वाटतात' असं मोघम बोलता येतं. कुठल्याही ठरावीक शेअरचं किंवा फंडाचं नाव न घेता सद्भावनेने केलेली सर्वसाधारण टिप्पणी नियमाच्या कक्षेत येत नाही. नाव घेतलंत की गोष्ट बदलते. सल्ला लेखीच असावा लागतो असं नाही. तोंडी सांगितलेलाही सल्लाच. 'विकू नका, थांबा' हाही सल्लाच.

'पण मी फी कुठे घेतली?' हा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. कायद्याच्या काटेकोर व्याख्येत फी महत्त्वाची आहे, हे खरं. पण काकांना तुम्ही कुठे काम करता ते ठाऊक आहे. शेअर पडला की ते सोसायटीत तुमचं नाव घेणार नाहीत, फर्मचं घेतील. शिवाय काका उद्या क्लायंट झाले, तर करार होण्याआधी सल्ल्याबद्दल झालेल्या बोलण्याचीही नोंद आपल्याकडे असावी लागते (नोंदी कशा ठेवायच्या ते प्रश्न १५ मध्ये). म्हणून आमच्या फर्मचा नियम साधा आहे: मांडवात मोदक खा, शेअरचं नाव घेऊ नका, ऑफिसचं कार्ड द्या.

प्रश्न ५. नवीन क्लायंट आला. कशाच्या आधी काय करायचं?

केवायसी, मग रिस्क प्रोफाइल (क्लायंटला किती जोखीम पेलेल याचा अंदाज) आणि ते क्लायंटला कळवून त्याची मान्यता, मग करार, मग फी, मग सल्ला. करारावर क्लायंटची सही होईपर्यंत फीही घेता येत नाही आणि सल्लाही देता येत नाही. करारासोबत 'सर्वात महत्त्वाच्या अटी' नावाचं प्रमाणित पान जातं. ते २०२५ पासून आलंय, त्यामुळे जुने टेम्प्लेट वापरत असाल तर तपासा.

'आधी पंधरा दिवस फुकट सल्ला देऊ, आवडलं तर सही घेऊ' ही कल्पना मार्केटिंगवाल्यांकडून वर्षातून एकदा तरी येते. फुकट चाचणी देता येत नाही. डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ती बंद केली. कारण उघड आहे. रिस्क प्रोफाइल नाही, करार नाही, आणि समोरचा माणूस त्या पंधरा दिवसांत खरे पैसे लावतो.

प्रश्न ६. रिस्क प्रोफाइलचा फॉर्म क्लायंटच्या मुलाने भरून मेल केला. सही क्लायंटचीच आहे. चालेल ना?

इथे मी जरा लांब लिहिते, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ याच कागदावर होतो.

अडुसष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक. मुलगा परदेशात, त्याने फॉर्म ऑनलाइन भरला, वडिलांनी सही केली. निकाल आला 'जास्त जोखीम'. एका प्रश्नात होतं, बाजार वीस टक्के पडला तर काय कराल? उत्तर होतं, 'आणखी खरेदी करीन'. आमच्या ऑफिसातल्या मुलीने नेहमीप्रमाणे पडताळणीचा फोन केला आणि तोच प्रश्न मराठीत विचारला: 'सर, तुमचे दहा लाख आठ लाख झाले असं दिसलं, तर?' पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, 'मला झोप येणार नाही हो.'

प्रोफाइल पुन्हा केलं. निकाल मध्यमच्याही खाली आला.

नियम काय म्हणतो? जोखीम दोन बाजूंनी बघायची: नुकसान सोसण्याची ऐपत आहे का, आणि ते सोसण्याची तयारी आहे का. शिक्षकांची ऐपत होती, पेन्शन होती, घर स्वतःचं होतं. तयारी नव्हती. प्रश्नावली कशी असावी हेही नियमात लिहिलंय: प्रश्न मोघम नकोत, दुहेरी नकार नको, अवघड भाषा नको, हवं ते उत्तर सुचवणारा प्रश्न नको. 'तुम्हाला नुकसान न होण्याची खात्री नको आहे का?' असा प्रश्न मी एका जुन्या फॉर्मवर खरंच पाहिलाय. होय म्हणावं की नाही, ते भरणाऱ्यालाही कळत नाही. फॉर्म मराठीत हवा असेल तर मराठीत द्या. आमच्याकडे दोन्ही आहेत, आणि मराठीवरचे निकाल इंग्रजीपेक्षा सावध येतात असा माझा अनुभव आहे.

थोडक्यात उत्तर: सही असली तरी चालणार नाही. क्लायंटशी स्वतः बोला, बोलणं नोंदवा, आणि प्रोफाइल ठरावीक काळाने पुन्हा करा. निवृत्ती, आजारपण, मुलीचं लग्न, घर विकणं, यापैकी काही घडलं की ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.

प्रश्न ७. क्लायंट हट्टाने म्हणतो, 'मला हाच शेअर घ्यायचाय, तुम्ही फक्त हो म्हणा.' त्याचं प्रोफाइल कमी जोखमीचं आहे.

हो म्हणू नका. सल्ला त्याच्या प्रोफाइलला योग्य आहे का, हे बघण्याची जबाबदारी आपली आहे. त्याच्या इच्छेने ती आपल्यावरून उतरत नाही. 'आमच्या मते हे तुमच्यासाठी योग्य नाही, कारण अमुक' असं लेखी कळवा. त्याने स्वतःच्या ब्रोकरकडून घेतलंच, तर तो त्याचा निर्णय. फक्त फाइलमध्ये आपला सल्ला काय होता ते असलं पाहिजे.

आणि त्याचं प्रोफाइल बदलून शेअरला जुळवून घेऊ नका. हे करून झाल्यावर मला सांगायला येणारे सहकारी भेटले आहेत. जोडा पायाच्या मापाने घेतात.

प्रश्न ८. फी किती घेता येते? एकाच घरातले चौघे असतील तर चौपट?

दोन पद्धती आहेत. ठरावीक फी घेत असाल तर वर्षाला जास्तीत जास्त १,५१,००० रुपये. आधी ही मर्यादा १,२५,००० होती. सल्ल्याखालच्या मालमत्तेच्या टक्केवारीने घेत असाल तर वर्षाला जास्तीत जास्त अडीच टक्के. दोन्ही मर्यादा 'क्लायंटच्या कुटुंबाला' मिळून आहेत, माणशी नाहीत. कुटुंब म्हणजे क्लायंट आणि त्याच्यावर अवलंबून असलेले पती किंवा पत्नी, मुलं, आई-वडील. कमावता मुलगा अवलंबून नसतो. तो वेगळा क्लायंट, त्याचा करारही वेगळा. कंपनी, ट्रस्ट असे क्लायंट आणि मान्यताप्राप्त गुंतवणूकदार (मोठं उत्पन्न किंवा संपत्ती असल्याचं प्रमाणपत्र मिळालेले) यांना ही मर्यादा लागू नाही.

आगाऊ फी क्लायंटची संमती असेल तर वर्षापर्यंतची घेता येते. एप्रिल २०२५ च्या आधी ही मुभा दोन तिमाहींचीच होती. मधेच करार मोडला तर उरलेल्या काळाचे पैसे परत करायचे.

प्रश्न ९. क्लायंट फी रोख देतो म्हणतोय. दुकानदार आहे, रोजची रोकड असते.

नाही. फी फक्त बँकेतून: चेक, एनईएफटी, यूपीआय वगैरे. एक रुपयाही रोख नाही, तात्पुरताही नाही, 'उद्या भरतो'च्या बोलीवरही नाही. पैसे फर्मच्या खात्यात आले पाहिजेत, तुमच्या गुगल पेवर नाहीत. हे लिहावं लागतंय, कारण एकदा झालंय.

फी क्लायंटच्याच खात्यातून यावी, असा आमच्या फर्मचा नियम आहे. भलत्याच नावाच्या खात्यातून आली तर आधी मला कळवा, पावती नंतर (असं पुन्हा पुन्हा होत असेल तर प्रश्न २० पाहा).

प्रश्न १०. दिवाळीला एका म्युच्युअल फंड कंपनीकडून सुकामेव्याचा डबा आला. ठेवू का?

ज्या गोष्टीवर आपण सल्ला देतो, तिच्याबद्दल क्लायंटशिवाय दुसऱ्या कोणाकडूनही मोबदला घ्यायचा नाही, कुठल्याही रूपात नाही. कमिशन तर नाहीच. गोव्याची कॉन्फरन्स, क्रिकेटचं तिकीट, गिफ्ट कार्ड हेही त्यातच. अर्धा किलो काजूंनी तुमचं मत बदलणार नाही, हे मला माहीत आहे. पण त्याच फंडाची शिफारस पुढच्या आठवड्यात फाइलमध्ये असेल, तर ऑडिटरला काजू दिसतील.

आमच्याकडे आलेला डबा रिसेप्शनवर उघडून सगळ्यांना वाटतात आणि कोणाकडून, कधी आला ते रजिस्टरमध्ये लिहितात. तुमच्या घरच्या पत्त्यावर आला तरी ऑफिसला आणायचा. महाग वस्तू परत जाते, पत्रासकट. क्लायंटने स्वतः मुलाच्या मुंजीचे पेढे दिले तर खुशाल खा.

प्रश्न ११. माझा नवरा म्युच्युअल फंडाचा वितरक आहे. माझा एक क्लायंट त्याच्याकडून रेग्युलर प्लॅन (ज्यात वितरकाला कमिशन मिळतं) घेतो. अडचण आहे का?

आहे, आणि तुम्ही स्वतःहून विचारलंत हे चांगलं केलंत.

२०२० पासूनचं तत्त्व असं आहे: एका क्लायंटला एकाच घराने सल्ला द्यावा किंवा वितरण करावं, दोन्ही नाही. वैयक्तिक सल्लागाराच्या बाबतीत त्याच्या कुटुंबालाही ही मनाई स्पष्ट शब्दांत आहे. फर्मच्या बाबतीत ती सगळ्या समूहाला मिळून लागते. कर्मचाऱ्याच्या नवऱ्याचा उल्लेख त्या ओळीत नाही, पण हितसंबंधाचा संघर्ष उघड आहे: तुम्ही 'ठेवा' म्हणालात की त्याचं कमिशन चालू राहतं. म्हणून आमच्याकडे तुम्ही ते लेखी जाहीर करता, क्लायंटला कळवलं जातं, आणि तो क्लायंट दुसऱ्या सहकाऱ्याकडे जातो. आपण स्वतः फक्त डायरेक्ट प्लॅन, म्हणजे कमिशन नसलेलेच, सुचवतो, हे तर आहेच.

प्रश्न १२. आजोबांना ॲप जमत नाही. ते म्हणतात, 'ओटीपी सांगतो, तूच टाक.'

मदत करायची इच्छा समजते. तरीही नाही. क्लायंटचे पैसे किंवा शेअर आपण सांभाळत नाही, त्याच्या वतीने व्यवहार करण्याचे अधिकारही घेत नाही. पासवर्ड, पिन, ओटीपी, कोरी सही केलेली फॉर्मची पानं, यातलं काहीही तुमच्याकडे असता कामा नये. ड्रॉवरमध्ये कोरा चेक ठेवलेला सापडला, तर 'त्यांनीच दिला' हे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही.

अंमलबजावणीची सेवा, म्हणजे सुचवलेला व्यवहार पार पाडायला मदत, फर्म देऊ शकते: डायरेक्ट योजनांमधून, त्यासाठी वेगळा मोबदला न घेता, क्लायंटच्या मर्जीने. पण बटण क्लायंटने दाबायचं. आजोबांच्या शेजारी बसा, चष्मा शोधून द्या, अक्षर मोठं करून द्या. शेवटचा टॅप त्यांच्या बोटाने.

प्रश्न १३. मी स्वतः शेअर घेऊ-विकू शकतो का?

घेऊ शकता, पण दोन दारं बंद आहेत.

पहिलं, क्लायंटच्या आधी धावणं. उद्या पन्नास क्लायंटना 'घ्या' असा मेल जाणार हे ठाऊक असताना आज स्वतः घेणं हा सरळ फ्रंट रनिंगचा प्रकार आहे. तो सेबीच्या २००३ च्या फसवणूकविरोधी नियमावलीत येतो. बायकोच्या किंवा भावाच्या खात्यातून केलं तरी तेच. तपासात खात्यांचे पत्ते, फोन क्रमांक, पैशाची ये-जा सगळं जोडून बघतात.

दुसरं दार पंधरा दिवसांचं. क्लायंटला दिलेल्या सल्ल्याच्या उलट व्यवहार सल्ल्याच्या दिवसापासून पंधरा दिवस स्वतःच्या खात्यात करायचा नाही. ६ तारखेला 'घ्या' सांगितलं असेल तर २१ तारखेपर्यंत तो शेअर विकायचा नाही. मधेच परिस्थिती खरंच पालटली, तर आधी क्लायंटला बदललेलं मत कळवायचं आणि त्यानंतर किमान २४ तास थांबायचं. नियमाचे शब्द सल्लागाराबद्दल आहेत. आमच्या फर्मने ते सगळ्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना लावले आहेत. व्यवहाराआधी माझी परवानगी घ्या. फॉर्म अर्ध्या पानाचा आहे.

प्रश्न १४. मेहुणा एका लिस्टेड कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. जेवताना बोलून गेला, 'या तिमाहीत निकाल जबरदस्त आहेत.' आता?

आता तो शेअर तुमच्यासाठी बंद. निकाल जाहीर होण्याआधीची अशी माहिती 'अप्रकाशित, किंमतीवर परिणाम करणारी' माहिती असते. ती तुमच्याकडे आली, मग ती तुम्ही मागितली असो वा ताटावर बसल्या बसल्या कानावर पडली असो, की २०१५ ची इनसायडर ट्रेडिंगची नियमावली तुम्हालाही लागते. स्वतः व्यवहार करायचा नाही, क्लायंटला सुचवायचं नाही, मित्राला सांगायचं नाही.

त्याच दिवशी मला कळवा, आणि कळवताना माहिती सांगू नका. 'अमुक कंपनीबद्दल माझ्याकडे काहीतरी आलंय' एवढं पुरे. मी ती कंपनी बंधनाच्या यादीत टाकते. त्या यादीत का आली, हे कोणालाही सांगत नाही. दंड किमान १० लाख रुपये. वर २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. मेहुण्यालाही सांगा की जेवताना निकाल वाढायचा नाही.

प्रश्न १५. क्लायंटशी व्हॉट्सॲपवर बोललो तर चालतं का? नोंदी किती वर्षं ठेवायच्या?

माध्यमाला हरकत नाही; नोंद टिकली पाहिजे आणि कायद्यासमोर पडताळता आली पाहिजे. क्लायंटने सही केलेलं पत्र, फोनचं रेकॉर्डिंग, नोंदणीकृत मेल, एसएमएस, हे सगळं चालतं. अडचण तुमच्या खाजगी फोनची आहे. फोन हरवतो, गप्पा आपोआप पुसण्याचं सेटिंग चालू असतं, नोकरी सोडताना नंबर तुमच्याबरोबर जातो. म्हणून सल्ल्याचं बोलणं फर्मच्या नंबरवरूनच करायचं. क्लायंटने खाजगी नंबरवर विचारलं तर 'ऑफिसच्या नंबरवरून उत्तर देते' एवढंच लिहा.

नोंदी पाच वर्षं. वाद चालू असेल तर तो मिटेपर्यंत. ज्या नोंदीवर सही लागते ती इलेक्ट्रॉनिक ठेवायची असेल तर डिजिटल सही हवी; सहीचा फोटो चिकटवणं म्हणजे डिजिटल सही नव्हे. आणि सल्ल्याबरोबर त्यामागचं कारणही लिहून ठेवायचं. 'चांगला फंड आहे' हे कारण होत नाही.

प्रश्न १६. मी इन्स्टाग्रामवर गुंतवणुकीचे रील टाकते, स्वतःच्या नावाने. फर्मचा काय संबंध?

प्रोफाइलमध्ये फर्मचं नाव आहे? मग संबंध आहे. नाव नसलं तरी सांगून ठेवा.

जाहिरातीची आचारसंहिता एप्रिल २०२३ च्या परिपत्रकात आहे. 'सर्वोत्तम', 'नंबर एक', 'अग्रगण्य' असे शब्द नाहीत. खात्रीच्या परताव्याचा इशाराही नाही. 'आमच्या क्लायंटनी गेल्या वर्षी इतके टक्के कमावले' नाही. सेबीचा लोगो नाही. नट, खेळाडू नाहीत. बक्षिसं, स्पर्धा नाहीत. बाजारातल्या जोखमीची ठरलेली सूचना हवी, आणि जाहिरात आधी मंजूर करून घ्यायची. रील, स्टोरी, फॉरवर्डसाठी बनवलेलं चित्र, सगळं जाहिरातीत येतं.

नोंदणी नसलेल्या फिनफ्लुएन्सरबरोबर (सोशल मीडियावर पैशाबद्दल सल्ले देणाऱ्याबरोबर) 'कोलॅब' करायचं मनात असेल, तर ते आधी मनातून काढा. नोंदणीशिवाय सल्ला देणाऱ्यांशी किंवा परताव्याचे दावे करणाऱ्यांशी संबंध ठेवायला २०२४ पासून मनाई आहे.

प्रश्न १७. क्लायंटचा पोर्टफोलिओ एआय टूलमध्ये टाकून अहवाल लिहून घेतला. वेळ वाचला. चुकलं का?

टूल वापरणं चुकीचं नाही. नाव, पॅन आणि होल्डिंग्जसकट पेस्ट केलंत ते चुकलं. जानेवारी २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एआय वापरला तर डेटाची सुरक्षितता, गोपनीयता आणि आलेल्या निष्कर्षाची जबाबदारी पूर्ण सल्लागाराची. शिवाय आपण एआय कितपत वापरतो, ते क्लायंटला सांगावं लागतं. टूलने लिहिलेल्या वाक्याखाली तुमचं नाव आहे, म्हणून ते वाक्य तुमचं.

प्रश्न १८. क्लायंट एफडी, सोनं, विमा याबद्दलही विचारतात. उत्तर देऊ?

देता येतं, पण या गोष्टी सेबीच्या कक्षेत नाहीत आणि त्यातल्या तक्रारीसाठी सेबीकडे जाता येणार नाही, हे क्लायंटला लेखी कळवून. दोन सल्ले एकाच कागदावर मिसळू नका.

प्रश्न १९. क्लायंट फोनवर ओरडला आणि ठेवून दिला. ही तक्रार धरायची का?

धरा. तक्रार शांत आवाजात आणि लेटरहेडवर येत नाही. त्याच दिवशी मला कळवा, स्वतः माफीनामे किंवा 'भरपाई देतो' असले मेल पाठवू नका. तो स्कोअर्सवर, म्हणजे सेबीच्या तक्रार पोर्टलवर, गेला तर २१ दिवसांत निपटारा करावा लागतो. तिथेही समाधान नाही झालं तर ऑनलाइन वादनिवारणाचा मार्ग त्याला मोकळा आहे. तक्रारींची आकडेवारी दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आपल्या वेबसाइटवर टाकायची असते. शून्य असली तरी शून्य टाकायचं.

प्रश्न २०. क्लायंटच्या पैशाबद्दल शंका येते. त्यालाच विचारू का?

पैसा कुठून आला, हे केवायसीच्या नेहमीच्या ओघात विचारायला हरकत नाही. पण शंका बळावली की ती माझ्याकडे आणायची, त्याच्याकडे नाही. मनी लाँडरिंगच्या २००२ च्या कायद्याखाली संशयास्पद व्यवहाराचा अहवाल दिल्लीच्या एफआययूकडे (केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे) जातो. असा अहवाल गेला किंवा जाणार आहे, याचा सुगावा क्लायंटला लागू द्यायला सक्त मनाई आहे. 'सर, तुमच्याबद्दल चौकशी चाललीय हं' ही मैत्री महागात पडते.

प्रश्न २१. ऑडिट आलं आणि लक्षात आलं की मार्चमधल्या एका सल्ल्याची सूटेबिलिटी नोट (सल्ला क्लायंटला का योग्य आहे त्याची टिपण) लिहायचीच राहिली. आता मार्चची तारीख टाकून लिहू?

वार्षिक ऑडिट आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हावं लागतं. त्यामुळे हा प्रश्न मला दर ऑगस्टमध्ये येतो.

मी या क्षेत्रात नवीन होते तेव्हा, आधीच्या नोकरीत, आम्ही हेच केलं होतं. जुलैत बसून मार्चची नोट लिहिली, वर १८ मार्च टाकलं, फाइलमध्ये लावली. ऑडिटर बाई वयस्कर, हळू बोलणाऱ्या. त्यांनी कागद वाचलाच नाही. संगणकावरची मूळ फाइल मागितली, माउसचं उजवं बटण दाबलं, 'तयार केल्याची तारीख' वाचली आणि माझ्याकडे बघितलं. राहिलेली नोट हा किरकोळ शेरा झाला असता, पुढच्या महिन्यात दुरुस्त. मागच्या तारखेच्या कागदामुळे त्यांनी त्या वर्षाच्या सगळ्या फाइल्स पुन्हा काढायला लावल्या. आम्ही नऊ दिवस रात्री नऊपर्यंत बसलो होतो.

म्हणून आजचीच तारीख टाका आणि असं लिहा: 'मार्चमध्ये दिलेल्या सल्ल्याची नोट त्या वेळी लिहिली गेली नव्हती, हे आज लक्षात आलं. त्या वेळच्या मेलवरून आणि कॉल रेकॉर्डिंगवरून कारणं खालीलप्रमाणे.' खाली तुमची सही, मग माझी.